पडतात पण चक्कर नाही, गोळी चालते पण पुरती नाही: पीएसपी ह्या मेंदूच्या आजाराची वेगळी रूपं कशी ओळखली, अनुभव लिहा

तापीकाठ

नाना म्हणजे माझे वडील. चोपडा तालुक्यात आमची केळीची बाग आहे. २०१८च्या पावसाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. बशीत ओतलेला चहा हिंदकळायचा. चालणं मंदावलं, उजवी चप्पल घासायची. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, लेव्होडोपाची गोळी सुरू केली आणि ती लागू पडली. महिन्याभरात नाना पुन्हा बांधावर जायला लागले. दोन वर्षं चांगली गेली. त्यामुळे पुढे जे जे बिघडत गेलं ते सगळं आम्ही "पार्किन्सन्स वाढला" ह्याच खात्यावर टाकलं.

बिघडलं काय, ते सांगते. नाना पडायला लागले. चक्कर नाही, ठेच नाही. उभे असायचे आणि तोडलेल्या झाडासारखे पाठीवर आडवे व्हायचे. हात टेकायची धडपडसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायचे, "काही नई व्हयनं माले." खुर्चीतून उठायचे तेही झटक्यात, आणि तसेच मागे आदळायचे.

मग ताटाचं सुरू झालं. ताटातली पलीकडची भाजी संपायची, पोटाजवळची तशीच राहायची. सदऱ्यावर रोज वरणाचे डाग. माय चिडायची, "लहान पोरासारखं सांडता!" त्यावर नानांचं एकच, "माले समदं दिसस." चष्म्याचा नंबर दोनदा बदलून आणला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाकू, इथवर गोष्ट आली होती.

तिसरं म्हणजे ओट्याच्या पायऱ्या. चढताना काही नाही, उतरताना पाऊल हवेत चाचपडायचं. बागेतला पाट ओलांडताना पाय थेट पाण्यात. आणि पूर्वी नुसती नजर वर करून घड मोजणारा माणूस आता आख्खी मान मागे टाकायचा.

ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. डॉक्टरांकडे गेलो की ते विचारायचे, "कंप कसाय? गोळी किती वेळ चालते?" आम्ही तेवढंच सांगायचो. ताटातल्या भाजीबद्दल न्यूरॉलॉजिस्टला काय सांगायचं, असंच वाटायचं.

२०२२ साली दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक बोट वर आणि एक बोट खाली धरलं आणि नानांना आळीपाळीने दोन्हींकडे बघायला लावलं. नजर वरून खाली जाताना रांगत गेल्यासारखी गेली आणि अर्ध्यात थांबली. मग त्यांनी नानांना समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे नजर लावून ठेवायला सांगितली आणि स्वतःच्या हाताने त्यांची मान हळूच मागे कलवली. तेव्हा नजर खुणेवरच राहिली, म्हणजे बुबुळं आपोआप खाली सरकली! डॉक्टर म्हणाले, डोळ्याचे स्नायू धड आहेत, डोळा फिरवणारे मज्जातंतूही धड आहेत, पण "खाली बघ" हा मेंदूचा हुकूम तिथवर पोचत नाही. आजाराच्या नावातच ते आहे. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, पीएसपी. सुप्रान्यूक्लिअर म्हणजे बिघाड डोळे फिरवणाऱ्या केंद्राच्या वर. नानांना त्याचा पार्किन्सन्ससारखा दिसणारा प्रकार आहे. तो सुरुवातीला गोळीलाही दाद देतो, म्हणूनच चकवतो.

त्या दिवशी परतीच्या गाडीत माय एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "आणि मी त्यांच्यावर सांडण्यावरून ओरडत होते."

हा धागा मायच्या त्या वाक्यासाठी आहे. पुस्तकातली लक्षणं सगळीकडे वाचायला मिळतात. तुमच्या घरात हा आजार कुठून शिरला, पहिली खूण कोणती होती आणि तेव्हा तिला काय समजलात, ते लिहा. तुम्ही लिहिलेलं कुणाच्या तरी ताटापाशी जुळेल.


गिरणेचं_पाणी

ताई, वाचून गलबलून आलं. माझी पाचोऱ्याची आत्या वर्षभरापासून अशीच मागच्या मागे पडते. घरात सगळे "वय झालं" म्हणतात. वय ६७ आहे. हाच आजार असेल का?


शहाद्याचा_फॅमिली_डॉक्टर

तापीकाठ ताईंनी डोळ्यांच्या तपासणीचं इतकं नेमकं वर्णन केलंय की मला त्यात भर घालायची गरज नाही. बाकीचं थोडं सांगतो. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, साधा जनरल प्रॅक्टिशनर आहे, पण असे पेशंट पहिल्यांदा येतात ते आमच्यासारख्यांकडेच.

१९६४ साली टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की ह्या तिघांनी ९ रुग्णांचं वर्णन छापलं, तिथून हा आजार वेगळा ओळखला जाऊ लागला. मेंदूतल्या पेशींमध्ये टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. मध्यमेंदू, म्हणजे नजर वर-खाली फिरवण्याची सूत्रं जिथे असतात तो भाग, आणि हालचालीची खोल केंद्रं झिजतात. लाखात साधारण पाच ते सात माणसांना होतो. बहुतेकांना साठी ओलांडल्यावर. बहुधा घराण्यातून येत नाही, म्हणून मुलांनी धास्ती घेऊ नये.

आता धाग्याचा मुद्दा. लवकर पडणं आणि नजर अडकणं हे जे पुस्तकी रूप आहे त्याला रिचर्डसन सिंड्रोम म्हणतात. बरीच वर्षं तेवढंच म्हणजे पीएसपी असं शिकवलं गेलं. पण २००५ साली लंडनच्या क्वीन स्क्वेअर मेंदूपेढीने (दान केलेले मेंदू जिथे अभ्यासाला जपून ठेवतात) मृत्यूनंतर तपासून पक्क्या झालेल्या १०३ रुग्णांचे जुने कागद उघडले. त्यात हे पुस्तकी रूप ५४ टक्क्यांत होतं आणि ३२ टक्के जण नानांसारखे होते. पुढे २०१४ साली अनेक देशांतल्या अशाच १०० रुग्णांची नोंद छापून आली. त्यात सुरुवातच पुस्तकी रूपाने झालेले फक्त २४ टक्के होते. म्हणजे ज्याला आपण "वेगळं" म्हणतो तेच जास्त. त्यानंतर २०१७ साली निदानाचे नवे निकष आले. त्यात नजर, तोल, हालचालीचा मंदपणा आणि बुद्धी-वाचा-वागणूक अशा चार वाटा धरल्या आहेत. आजार कुठल्याही वाटेने आत शिरू शकतो.

गिरणेचं पाणी, तुमच्या आत्याबद्दल. इथून निदान करणार नाही, कुणी करूही नये. पण न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी एक काम आजच करा. त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि त्यांवरची नावं वाचा. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड ह्यांपैकी काही दिसतंय का? पहिली दोन चक्करेसाठी आणि अर्धशिशीसाठी देतात, पुढची दोन अॅसिडिटी-उलटीसाठी. लेव्होसल्पिराइड बऱ्याचदा अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये जोडीला असतं आणि घेणाऱ्याला ते माहीतच नसतं. ही औषधं म्हाताऱ्या माणसाने महिनोन्महिने घेतली तर पार्किन्सन्ससारखीच अवस्था होते: मंदपणा, ताठरपणा, कंप, पडणं. औषध थांबवल्यावर बहुतेकांत काही आठवड्यांत-महिन्यांत ती उतरते. आपल्याकडे चक्करेची गोळी मेडिकलवरून एकदा आणली की वर्षानुवर्षं चालू राहते, हे मी रोज बघतो. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा.


गिरणेचं_पाणी

डॉक्टरसाहेब, आज रात्रीच आतेभावाला फोन करतो.


आखाजीचा_झोका

माझ्या सासूबाईंचं लिहिते. आमच्याकडे आजार पायांतून आला नाही, डोळ्यांतूनही नाही. तो स्वभावातून आला.

सासूबाई म्हणजे अमळनेरकडच्या मोठ्या खटल्यातल्या. कानबाईच्या रोटांना शंभर माणूस जेवून जायचं आणि कुणाच्या पानात काय कमी आहे ते त्यांना बसल्या जागेवरून कळायचं. २०१९ सालच्या कानबाईला त्या पलंगावर बसून राहिल्या. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत, दुखतंय म्हणाल्या नाहीत. नुसत्या बसल्या. दिराची मुलगी बाळंतपणाला आली, बाळ मांडीवर दिलं, तर कुणी भांडं हातात द्यावं तसं धरलं. आम्ही म्हटलं, सासरे गेल्याचं मनाला लागलंय. मनोविकाराचं औषध सुरू झालं. फरक शून्य. नात्यातल्या काहींनी "बाहेरचं" म्हणून भगताकडे नेलं, त्यात चार-पाच महिने गेले. ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

मग खाणं बदललं. एक घास तोंडात असताना दुसरा, तिसरा. मांडा समोर ठेवला की तुकडा न करता कोंबायच्या. कधीकधी अकारण हसू फुटायचं आणि थांबायचं नाही. पाहुणे निघाले तरी टाळ्या. हो, टाळ्या. आरतीत सगळे थांबले तरी त्या वाजवतच राहायच्या. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी नेमकं तेच तपासलं: "आजी, फक्त तीन टाळ्या वाजवा." त्यांनी अकरा वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, ही खूण एकटी काही सिद्ध करत नाही, दुसऱ्या आजारांतही दिसते, पण मेंदूच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवते.

पडणं सुरू झालं ते त्यानंतर दीड वर्षाने. तेव्हा नजरही अडकलेली सापडली. पीएसपी, पुढच्या भागाचा प्रकार. त्या दीड वर्षात घरात "सासू आळशी झाली, ढोंग करते" हे किती वेळा बोललं गेलं, त्याचा हिशेब नको.


पाटीपेन्सिल

आमचे "हे" धुळ्याला माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून बोलणारा माणूस. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांचं बोलणं तुटायला लागलं.

विसरणं नव्हतं. काय म्हणायचंय ते डोळ्यांत दिसायचं. पण शब्द जड दगडासारखा ओढून आणावा लागायचा. आधी वेग गेला, मग वाक्यातले छोटे शब्द गेले. "मी उद्या बँकेत जाऊन येतो" ह्याचं "बँक... उद्या" झालं. अक्षरांची अदलाबदल व्हायची, तेच अक्षर पुन्हा पुन्हा पकडायचा प्रयत्न करताना ओठ नुसते हलायचे. घशाची दुर्बीण झाली, स्वरयंत्र ठीक. "लकवा मारून गेला असेल" म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. एमआरआय वयाच्या मानाने बरा आला. तीन वर्षं फक्त वाचा, दुसरं काहीच नाही. सायकल चालवत होते, भाजी आणत होते, माझं लाइटबिल भरत होते.

चौथ्या वर्षी लिहिणं बघून मला शंका आली. फळ्यावर रेघ न आखता सरळ लिहिणारे हे, वहीत ओळ सोडून खाली घसरायला लागले. एकदा लिहून झालं की दुसऱ्या ओळीची सुरुवात सापडायची नाही. मी डॉक्टरांना वही नेऊन दाखवली. त्यांनी वहीवरून नजर काढून ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि पहिल्यांदा नजरेची परीक्षा घेतली. वाचेपासून सुरू होणारं रूप आहे हे, असं म्हणाले.

सांगायचं एवढंच की, बोलणं गेलं म्हणजे समजणं गेलं असं नाही. आमच्याकडे येणारे लोक ह्यांच्याशी मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. हे मान वळवून माझ्याकडे बघतात, आणि त्या बघण्याचा अर्थ मला कळतो.


दोरा_आणि_मशीन

पाटीपेन्सिल मावशी, वहीची गोष्ट वाचून भावाची आठवण आली. माझा मोठा भाऊ भुसावळला टेलरिंग करायचा. त्याचा डावा हात कामातून गेला. ताकद होती, पण हाताला काम समजेना. कापड मशीनखाली सरकवायचं कसं, बटण काजात घालायचं कसं, हे तो हात जणू शिकलाच नव्हता. नंतर तो आपोआप वर उचलला जायचा, बंडीचा काठ धरून ठेवायचा, सोडायचाच नाही. भाऊ उजव्या हाताने डावा हात सोडवायचा आणि म्हणायचा, "हा माझा नाही रे."

आधी आखडलेला खांदा, मग मानेच्या मणक्याची नस. मानेचं ऑपरेशन ठरलं होतं, तारीखसुद्धा मिळाली होती. ऐन वेळी दुसरं मत घेतलं म्हणून वाचलो. तिथे कळलं की असं एका हातापुरतं बिघडणं हा कॉर्टिकोबेझल सिंड्रोम, आणि त्याच्या मुळाशी कधी वेगळा आजार असतो, कधी पीएसपी. जिवंतपणी शंभर टक्के सांगता येत नाही. भावाची नजर पुढे वर्षभरात मंदावली, तेव्हा डॉक्टरांनी पीएसपीकडे कल दिला.


वरणबट्टी

एक विचारतो, कुणी वाईट वाटून घेऊ नका. नाव कळून उपयोग काय? औषध तर नाही म्हणतात. मग मुंबई-पुण्याच्या चकरा कशाला मारायच्या? माझ्या काकांच्या बाबतीत आम्ही हाच विचार करून घरीच ठेवलंय.


तापीकाठ

वरणबट्टी दादा, वाईट कशाला वाटेल, हा प्रश्न आमच्याही घरात झाला.

आजार थांबवणारं औषध आज नाही, हे खरं. पण नाव कळल्यावर आमच्याकडे काय बदललं ते बघा. चष्मा आणि मोतीबिंदूच्या मागे लागणं थांबलं. गोळीचा डोस दर दोन महिन्यांनी वाढवत होतो, तोही थांबला. ताट उचलून चौरंगावर ठेवलं, नानांच्या नजरेच्या रेषेत. त्या दिवशी नानांनी पोटाजवळची भाजी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा संपवली. आणि माय ओरडायची थांबली. माझ्या दृष्टीने शेवटचं सगळ्यात मोठं आहे.


शहाद्याचा_फॅमिली_डॉक्टर

त्यात एक जोडतो. दुसरी एक अवस्था आहे, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याची. तिथेही चाल बिघडते, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवर ताबा राहत नाही, विसर पडतो. पण ती नळी टाकून सुधारू शकते. ती आहे की नाही हे तपासल्याशिवाय "घरीच ठेवू" ठरवणं म्हणजे काकांचा एक हक्क काढून घेणं आहे. वरणबट्टी, एकदा तरी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, कळकळीने सांगतो.

एमआरआयबद्दलही. पीएसपीत मध्यमेंदू झिजला की बाजूच्या छेदात हमिंगबर्ड पक्ष्यासारखा आकार दिसतो. पण वेगळ्या रूपांत सुरुवातीला तो दिसेलच असं नाही. रिपोर्टवर "नॉर्मल" लिहिलंय म्हणून विषय संपत नाही.


रुळांच्या_कडेला

आमचे आप्पा रेल्वेत होते. त्यांचं सगळं उंबरठ्यापाशी सुरू झालं. अंगणात नीट चालायचे, दारात आले की पाय खिळे ठोकल्यासारखे. "मना पाय चिटकी ग्यात," म्हणायचे. स्टेशनात पिवळ्या पट्ट्यावर तसंच. आम्ही मागून ढकलायचो. आता कळतं की ते किती धोक्याचं होतं.

आणि सही. बँकेत पेन्शनच्या कागदावर सही जुळेना. पूर्वी तीन बोटं लांब सही करणारे आप्पा तांदळाच्या दाण्याएवढी करायला लागले, आणि तीही घाईघाईत. आवाजही तसाच झाला, बारीक आणि भरभर. कंप नाही, ताठरपणा फक्त मानेत. लेव्होडोपाची पुरेशी मात्रा महिनाभर देऊन बघितली, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, चाल गोठण्याचं रूप आहे, आणि हे रूप हळू सरकतं, दहा वर्षांहून जास्त काळही जातो. आप्पांना आता आठवं वर्ष आहे. नजर गेल्या वर्षापर्यंत चांगली होती.

उंबरठ्याच्या अलीकडे आम्ही फरशीवर आडवी पांढरी चिकटपट्टी लावली. "आप्पा, पट्टी ओलांडा" म्हटलं की पाय उचलतो. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.


केळीचं_पान

माझ्या मावशीला पीएसपी सांगितलंय. गावात एकजण लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा देतो, कॅन्सर आणि मेंदूचे सगळे आजार जातात म्हणे. नैसर्गिकच आहे, तर चालू करावा का?


शहाद्याचा_फॅमिली_डॉक्टर

नको. ह्याच आजारात तर अजिबात नको.

कॅरेबियन समुद्रात ग्वाडेलूप नावाचं बेट आहे. तिथे पीएसपीसारख्या आणि लेव्होडोपाला दाद न देणाऱ्या आजाराचं प्रमाण जास्त आढळलं. १९९९ साली तिथल्या संशोधकांनी त्याचा संबंध लक्ष्मणफळाची फळं आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेण्याशी दाखवला. त्या झाडात अॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं, आणि प्रयोगशाळेत ते मज्जापेशींना आणि टाऊ प्रथिनाला बिघडवतं. तिथल्या सगळ्या रुग्णांचं कारण हेच, असं सिद्ध झालेलं नाही. पण ज्या माणसाच्या मेंदूत हाच टाऊ आधीच बिघडलाय त्याला तो काढा देणं मला पटत नाही. मावशींना नका देऊ.


केळीचं_पान

बरं झालं विचारलं. आणलेला पुडा फेकून देते.


जळगावची_फिजिओ

घरच्यांसाठी थोडं लिहिते, मी गेली बरीच वर्षं असे पेशंट बघतेय.

मागे पडणाऱ्या माणसाचा हात धरून समोरून ओढू नका. बाजूला, अर्धं पाऊल मागे चाला. नुसती काठी पुरत नाही, पुढे वजन असलेला वॉकर घ्या. उठताना "नाक गुडघ्यांच्या पुढे आणा, मग उठा" असं प्रत्येक वेळी म्हणा. ह्या लोकांना धोका जाणवत नाही, म्हणून "जपून उठा" हे शब्द वाया जातात. दोन नंबरांचा एकत्र चष्मा काढून टाका. वाचायची काच खालच्या बाजूला असते आणि खाली बघणंच जमत नाही. दोन वेगळे चष्मे करा. डोळे मिचकावणं कमी होतं, त्यामुळे बुबुळं कोरडी पडतात, थेंब विचारून घ्या. पापण्या उघडतच नसतील तर त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन आहे, ते कुणी सांगितलं नसेल तर स्वतःहून विचारा.

गिळण्याबद्दल सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हाच ह्या आजारात बऱ्याचदा जीव घेतो. साधं पाणी सगळ्यात अवघड असतं, ते पटकन घसरतं. ज्वारीची दाट आंबील, घट्ट कढी हे सोपं जातं. आपली शेवभाजी मात्र टाळा. पातळ रस्सा आणि कडक शेव एकाच घासात आली की तोंडाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. बिबडे, कोरडी भाकरीही तशीच. भरीत उत्तम, मिरचीचा ठेचा सोडून. जेवताना हनुवटी किंचित खाली, घास लहान, टीव्ही बंद. जेवणात किंवा जेवणानंतर ओला आवाज आला, खोकला वाढला तर वाचा-उपचारतज्ज्ञांना लवकर दाखवा. नळीने अन्न द्यायचं की नाही हेही पेशंटला सांगता येतंय तोवरच त्यांना विचारून ठेवा. नंतर घरात भांडणं होतात.


आखाजीचा_झोका

आमच्याकडे झाली. विचारून ठेवायला हवं होतं.


रुळांच्या_कडेला

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल कुणाला माहिती हवी असेल तर: २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, पीएसपीचं नाही. त्यामुळे खिडकीवर "हा आजार यादीत नाही" असं उत्तर मिळू शकतं. न्यूरॉलॉजिस्टकडून चालणं, तोल, वाचा ह्यांपैकी प्रत्यक्ष काय बाधित आहे ते स्पष्ट लिहून घ्या आणि त्या आधारावर तपासणी मागा. आम्हाला तीन खेटे पडले, पण चालण्याच्या अपंगत्वावर दाखला मिळाला.


दोरा_आणि_मशीन

भाऊ मागच्या दिवाळीत गेला. शेवटपर्यंत उजव्या हाताने डावा हात सांभाळत होता. मेंदू दान करायचा विचार मनात होता. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे, पण आम्हाला हे उशिरा कळलं आणि त्या रात्री काही सुचलं नाही. कुणाला करायचं असेल तर आधीच चौकशी करून, घरच्यांची संमती घेऊन ठेवा. त्याचा आजार नेमका कोणता होता, हे आता मला कधीच कळणार नाही.


तापीकाठ

दादा, तुमच्या भावाबद्दल वाचून शब्द सुचत नाहीत. तुम्ही हात त्याच्या बाजूला राहून धरलात, एवढं मला दिसतंय.


गिरणेचं_पाणी

चार महिन्यांनी येतोय. आत्याच्या पिशवीत दोन सापडल्या. चक्करेची गोळी तीन वर्षांपासूनची, आणि अॅसिडिटीची कॅप्सूल, त्यात लेव्होसल्पिराइड होतं. डॉक्टरांनी दोन्ही थांबवल्या. आत्या आता कुशीवर स्वतः वळते, चेहरा हसरा झालाय, पोळ्या लाटायला बसली. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण पडणं पूर्ण थांबलं नाही. परवा मी जेवायला तिच्या समोर बसलो होतो आणि तुमच्यामुळे माझं लक्ष ताटाकडे गेलं. वांग्याची भाजी पलीकडची संपली होती. मी काही बोललो नाही. तिचं ताट चौरंगावर ठेवलं, मोबाइलवर ती ओट्याची पायरी उतरतानाचा व्हिडिओ काढला आणि न्यूरॉलॉजिस्टची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. सोबत गोळ्यांची यादी, व्हिडिओ आणि पडल्याच्या तारखा लिहिलेली वही नेतोय. अजून काय नेऊ?


शहाद्याचा_फॅमिली_डॉक्टर

तीन वर्षांपूर्वीचे लग्नातले वगैरे चालतानाचे व्हिडिओ असतील तर ते न्या. जुन्या सह्या असलेले कागदही न्या. आणि रोज तिच्यासमोर जेवायला बसणारं माणूस सोबत न्या.


गिरणेचं_पाणी

माय येतेय.